चालकाशी बोलू नये

"काका, आधी सीट तुमच्या मापात घ्या," गाडीच्या दुकानातल्या मुल्ला मॅडम म्हणाल्या. "उजव्या अंगाला दांडी आहे बघा. वर ओढली की सीट उंच होते."

मी सीट पार वरपर्यंत घेतली. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस मी, खालून रस्ता बघायची सवय नाही. बॉनेटचं टोक दिसलं तेव्हा बरं वाटलं. स्टेअरिंग बोटानं फिरत होतं. एसटीचं स्टेअरिंग फिरवून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा जाड झालाय, ते मी मॅडमना दाखवलं.

"ह्याला काय ताकद लागत नाही," मी म्हटलं. "हे तर पोळी लाटल्यासारखं झालं."

"लाटा की मग," मागून मालन म्हणाली. "घरी कधी लाटली नाही."

मॅडम हसल्या. मालन माझी बायको. ती मागच्या सीटवर मधोमध बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून.

मी हणमंत बाबर. त्या साली मे महिन्यात विटा डेपोतून निवृत्त झालो आणि ऑक्टोबरात आम्ही दोघं सांगलीला गाडी बघायला आलो. आमची एकुलती मुलगी रूपाली पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली, आठवा सरत आलेला. तिला दवाखान्यात न्यायला गाडी हवी, असं मी सगळ्यांना सांगत होतो. पण गाडीचा हट्ट खरा मालनचा होता. जन्मात एक साडी मागून घेतली नाही तिनं, आणि त्या महिन्यात रोज सकाळी चहाबरोबर गाडी. "यंदा घेऊच. लांब जायचं म्हटलं तर आता बसला उभं राहणं होत नाही माझ्यानं." मी म्हणायचो, एसटी ड्रायव्हरच्या बायकोला बस नको झाली, कलियुग आलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी चप्पल शिवून आणली तेव्हा ती दारातच उभी होती.

"मला तुमच्याशी जरा बोलायचंय," ती म्हणाली.

"बोल की."

तिनं आतल्या खोलीकडे बघितलं. आमचं घर दोन खोल्यांचं. एकीत खाकरलं की दुसरीत ऐकू जातं. आत रूपाली झोपलेली.

"इथं नको. उद्या जाणारच आहे ना आपण. गाडीत बोलते."

मला वाटलं रंगाचं असणार. मला पांढरी गाडी हवी होती. तिला तांबडी आवडेल असं वाटत होतं, आणि तांबडी मला नको होती. तीस वर्षं तांबडीच चालवली.

सकाळी सांगली स्टँडवर उतरल्यावर ती म्हणाली, "तुम्ही ती दुसरी गाडी बघून घ्या. मी डोळे दाखवून येते, मागच्या आठवड्यात दाखवले त्याच दवाखान्यात. साडेअकराला मोठ्या गाडीच्या दुकानात भेटू." मी एकटाच जाऊन छोटी गाडी बघून आलो. मागून कापल्यासारखी होती, डिक्की नाही. आमच्याकडं डिक्की नसलेल्या गाडीला अर्धी गाडी म्हणतात. म्हणून ही डिक्कीवाली. ह्या दुकानात ही सगळ्यात स्वस्त डिक्कीवाली होती, पण दिसायला मोठ्या माणसाची वाटायची.

"काकू, मागं एसीचा झोत येतोय का?" मॅडमनी विचारलं. माझ्या शेजारच्या सीटवर त्या बसल्या होत्या. तिशीच्या, नाकात बारीक चमकी, बोलणं गोड. "मध्ये हात ठेवायला पण आहे. ते खाली ओढा."

"येतोय," मालन म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पोरी, इथं आडवं होता येतं का गं?"

"मागं?"

"हां. म्हणजे एखाद्याला बसवत नसलं तर."

"पाय दुमडून आरामात झोपता येईल. बघा ना झोपून."

मला वाटलं ती लाजेल. पण आरशात बघितलं तर मालन नाही. खरोखरच आडवी झाली होती. पर्स उशाला, पाय दुमडलेले.

"अगं, झोपायला घ्यायची काय गाडी?" मी म्हटलं.

"रूपाला लागेल की," ती खालून म्हणाली. "जरा त्या गतिरोधकावरनं घ्या. बघू हादरा किती बसतो."

मी गतिरोधकावरनं घेतली. मऊ गेली. पुढची चाकं उतरली, मागची उतरली, पोटातलं पाणी हललं नाही.

"बसला का?"

"नाही. चांगली आहे." ती उठून बसली, केस नीट केले. "दार पण मोठं उघडतं. धरून उतरता येतं."

मी गाडी बघत होतो माझ्या पद्धतीनं. एसटीत गिअर कानानं टाकतात. इंजिन काय म्हणतंय ते ऐकायचं, मगच हात हलवायचा. नवीन पोरं काट्याकडं बघतात, आम्ही ऐकतो. म्हणून मी मॅडमना पडद्यावरची गाणी बंद करायला लावली. त्या पडद्याचं सांगत होत्या, मागच्या कॅमेऱ्याचं सांगत होत्या, बटणानं काचा खाली वर होतात ते सांगत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, जरा गप्प बसता का? राग मानू नका. आमच्या गाडीत पाटी असते बघा. वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये."

"काका, तुम्ही घरी पण हाच नियम लावता काय?"

"घरी काय, ही बघा मागं बसलीय तिला विचारा." आणि मग मी ती गोष्ट सांगितली. मी ती सगळ्यांना सांगायचो. निवृत्तीच्या समारंभात डेपो मॅनेजरसाहेबांच्या समोरसुद्धा माइकवर सांगितली होती.

रूपाली चार वर्षांची असतानाची गोष्ट. मी साताऱ्याहून विट्याला गाडी घेऊन येत होतो. आमच्या गावच्या फाट्यावर मालन उभी, कडेवर रूपाली. मला वाटलं माहेरी निघाली असेल. गाडीत चढली, माझ्या पाठीमागच्या पहिल्या सीटवर बसली. मध्ये फक्त दांडा. मी आरशातून हसलो, ती पण हसली. पाऊण तास बसली तशी. विटा डेपोत गाडी लावली, इंजिन बंद केलं, किल्ली काढली. तेव्हा दांड्यावरनं हात पुढं करून तिनं माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "आई गेल्या."

माझी आई. सकाळीच गेली होती. आणि ही पाऊण तास माझ्या मानेमागं बसून एक शब्द बोलली नाही, कारण गाडीत पंचेचाळीस माणसं होती.

"बायको असावी तर अशी," मी मॅडमना म्हटलं. "दुसरी असती तर फाट्यावरच बोंब ठोकली असती."

 मॅडमनी मागं वळून मालनकडं बघितलं.

"सांगितलं असतं तर ह्यांचा हात हलला असता," मालन म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं. त्यात काय मोठं."

आम्ही चक्कर मारून दुकानाजवळ आलो. मी गाडी आत घेणार तेवढ्यात मालन म्हणाली, "पोरी, एक काम करशील? तू इथं उतर. मला पुढं बसून एक चक्कर मारायचीय. आम्ही दोघंच."

"काकू, नियमात नाही हो. आमच्यापैकी एक जण गाडीत लागतोच."

"अगं, ह्यांच्याकडं बिल्ला आहे. पंचवीस वर्षं विनाअपघात. दाखवा हो बिल्ला."

मी खिशातून काढून दाखवला. तो मी निवृत्त झाल्यावरही जवळ ठेवायचो.

मॅडमनी बिल्ला बघितला नाही. त्या मालनकडं बघत होत्या. "दहा मिनिटं," म्हणाल्या आणि उतरल्या. दार धरून मालनला पुढं बसवलं, पट्टा कसा लावायचा ते दाखवलं.

पस्तीस वर्षांच्या संसारात मालन पहिल्यांदा मी चालवत असलेल्या गाडीत माझ्या शेजारी बसली. एसटीत ड्रायव्हरच्या शेजारी कुणी नसतं. मी तसं म्हणालोसुद्धा, "आज शेजारी प्रवासी!" ती काचेतून समोर बघत होती.

बायपासला लागलो. रस्ता नवा, दुपारची वेळ, पुढं मागं कुणी नाही. मी तिसरा टाकला, चौथा टाकला. गिअर लोण्यातून सुरी जावी तसा जात होता. क्लच हलका. मी लहान पोरासारखा खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू.

"अहो," ती म्हणाली.

"हं."

ती पुन्हा म्हणाली, "अहो, तुम्ही समोर बघूनच ऐका. माझ्याकडं बघू नका."

तेवढ्यात माझ्या कानाला काहीतरी लागलं. बारीक टिक टिक टिक. नव्या गाडीत आवाज म्हणजे खोट. आज टिक आहे, सहा महिन्यांत खडखड होते.

"थांब थांब," मी म्हटलं. "काहीतरी वाजतंय."

मी वेग कमी केला. समोरचा कप्पा दाबून बघितला. काच खाली घेतली, वर घेतली. टिक टिक चालूच.

"तुझ्या अंगानं येतंय."

बघितलं तर तिचा डावा हात दाराच्या मुठीवर होता आणि काचेच्या बांगड्या मुठीवर वाजत होत्या.

"अगं, तुझ्या बांगड्या! हात काढ तिथनं."

तिनं हात काढला, पर्सवर ठेवला आणि उजव्या हातानं दाबून धरला. आवाज थांबला. मी आणखी थोडं ऐकलं. काही नाही. नुसतं इंजिन, एकसारखं.

"बघ!" मी म्हटलं. "गाडीत काही नाही. गाडी पक्की आहे. मी उगाच घाबरलो."

"अहो, मला काय म्हणायचं होतं—"

"आता थांब गं. पाचवा टाकून बघतो. दहाच मिनिटं मिळालीत. घरी जाऊन बोल की निवांत." आणि मग मी हसत पाटीवरचं वाक्य म्हटलं, "चालकाशी बोलू नये. विसरलीस काय?"

ती हसली. मी बघितलं नाही, समोर बघत होतो. हसणं ऐकलं.

"नाही विसरले," ती म्हणाली.

परत आलो तेव्हा मॅडम दारातच उभ्या होत्या. मालन उतरल्यावर त्यांनी तिचा हात धरून हळूच विचारलं, "काकू, झालं का बोलून?"

मालननं मान हलवली. नाही.

"रंगाचं ना?" मी म्हटलं. "मॅडम, लिहा, पांढरी. हिचं ऐकलं तर मला घरी पण तांबडीच चालवावी लागेल."

"पांढरीच घ्या," मालन म्हणाली. "पांढरी चांगली."

परतीच्या एसटीत आम्हाला मागं पुढं जागा मिळाली. घरी रूपाली दारात वाट बघत होती. जेवताना मी गाडीचंच बोललो. झोपताना मालनला विचारलं, काय बोलायचं होतं गं? ती म्हणाली, "काही नाही. रंगाचंच." मी झोपलो.

दसऱ्याला गाडी आली. मालननं चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. नोव्हेंबरात रूपालीला मुलगा झाला, ह्याच गाडीतून दवाखान्यात नेली. बारसं झालं. बाळंतिणीचं सगळं मालननं एकटीनं केलं, डिंकाचे लाडू, शेक, बाळाची आंघोळ. जरा वाळल्यासारखी वाटायची. मी म्हणायचो, जागरणं. जानेवारीत संक्रांत झाल्यावर जावईबापू येऊन दोघांना घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गाडी धूत होतो. मालन आतून आली, हात पुसत. गाडीच्या दाराला टेकून उभी राहिली.

"गाडी बंद आहे ना?" तिनं विचारलं.

"अगं, धुतोय. चालू कशी असेल?"

"मग बोलते."

तिनं पदराखालून एक पाकीट काढलं. माझे हात ओले होते म्हणून तिनंच उघडून धरलं. मला इंग्रजी वाचता येत नाही फारसं. पण तिचं नाव वाचता आलं आणि तारीख वाचता आली. ज्या दिवशी आम्ही गाडी बघितली त्या दिवशीची तारीख.

"छातीत गाठ होती," ती म्हणाली. "आधीच्या आठवड्यात तपासायला तुकडा काढून दिला होता. डोळे दाखवायला म्हणून गेले ते तिकडंच. त्या दिवशी हे हातात आलं. पर्समध्ये होतं."

पाण्याचा पाइप माझ्या हातात चालूच होता. माझ्या पायावर पाणी पडत होतं.

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"लगेच करा म्हणाले."

"मालन, मग बोलली का नाहीस?"

"रूपाचे दिवस भरत आले होते. घरात बोलता येत नव्हतं, तिला कळलं असतं. म्हटलं गाडीत आपण दोघंच असू. तुम्ही समोर बघत असला की मला बोलता येईल असं वाटलं होतं." तिनं पाकीट मिटलं. "पण मग वाटलं, तुमचा हात हलेल."

बायपासचा तो रस्ता नवा होता, एक खड्डा नव्हता. काचेच्या बांगड्या वाजायला खड्डा लागतो, नाहीतर हात थरथरावा लागतो. मी तीस वर्षं कानानं गाडी चालवली.

नंतर सव्वा वर्ष आम्ही दवाखान्यासाठी विटा ते मिरज केलं. गाडी तिनं जशी बघून घेतली होती तशीच कामाला आली. मागच्या सीटवर पाय दुमडून झोपायची. गतिरोधक आला की मी आधी सांगायचो, "आला बरं का." दार मोठं उघडायचं, ती धरून उतरायची. मी डॉक्टरांना एकदा विचारलं, तीन महिने आधी आणलं असतं तर? त्यांनी चष्मा पुसला आणि पुढची तारीख लिहून दिली.

त्या प्रवासात मी तिला बोलायला लावायचो. "बोल की मालन." आणि ती बोलायची. विट्यापासून तासगावपर्यंत, तासगावपासून मिरजेपर्यंत. लग्नात माझ्या मामानं दोनदा जेवण केलं ते, तिच्या आईची करवंदाची चटणी, रूपाच्या पोराला दात कधी येतील, मी डेपोत रात्रपाळीला असताना ती कडी लावून दाराला पाटा टेकवायची ते. पस्तीस वर्षांचं साठलेलं. मी समोर बघून ऐकायचो. इंजिनाकडं माझं लक्ष नसायचं. गिअर कसा पडतो, कधी पडतो, मला कळायचं नाही.

शेवटच्या खेपेला ती गप्प होती. मी आरसा खाली वळवला, तिचा चेहरा दिसेल असा. डोळे मिटलेले.

"बोल की," मी म्हटलं.

बऱ्याच वेळानं ओठ हलले. मला वाटलं पाणी मागते. गाडी बाजूला घेऊन मागं वाकलो.

"चालकाशी बोलू नये," ती म्हणाली. हसायला बघत होती.

ह्याला सहा वर्षं झाली. गाडी मी ठेवली. रूपाली म्हणायची, बाबा, विका ती, तुम्ही कुठं जाता. मी रोज सकाळी चालू करायचो, दहा मिनिटं ऐकायचो आणि बंद करायचो. यंदा डोळ्याचं ऑपरेशन झालं, रात्रीचं दिसत नाही, म्हणून विकायचं ठरवलं. परवा पलूसकडचे एक जण बघायला आले. शाळेत शिपाई आहेत, अडतीस चाळीसचे, बायको बरोबर होती. मी त्यांना चालवायला दिली आणि मागं बसलो. मालन बसायची तिथं. मागं मी पहिल्यांदाच बसलो.

त्यांना गाडी आवडली होती, ते दिसत होतं. गिअर टाकून बघत होते, ब्रेक मारून बघत होते. विट्याच्या बाहेर रस्ता मोकळा मिळाला तसा त्यांनी वेग वाढवला.

"अहो," बायको म्हणाली.

"थांब गं जरा," ते म्हणाले. "इंजिन ऐकू दे."

"गाडी बाजूला घ्या," मी म्हटलं.

"काय झालं काका?"

"बाजूला घ्या. आधी बाजूला घ्या."

माझा आवाज मोठा झाला असणार. त्यांनी घाबरून गाडी एका चिंचेखाली थांबवली. मी मागून हात लांब करून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. दोघंही माझ्याकडं बघत राहिले.

"त्या काहीतरी म्हणत होत्या," मी म्हटलं. "त्यांचं ऐकून घ्या."

त्या बाईनं नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काही नाही हो काका," ती म्हणाली. "एसी जरा कमी करा म्हणत होते. गार लागतंय."

"करा," मी त्यांना म्हटलं. "कमी करा."